सायत्राबाईच्या सपनात मी काय केलं

माझ्या लग्नाच्या चौथ्या दिवशी सायत्राबाई माझ्याशी भांडायला आली. मी अंगणात भांडी घासत होते. अंगावरची हळद अजून गेली नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वं नवरी, रात्री बोरिंगवर मले ढकललं तू?"

बोरिंग म्हणजे गावाचा हातपंप. रात्री मी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"ढकललं. माहं गुंड सांडलं, सारं पानी गेलं. सपनात."

मी वरोऱ्याकडची, कापसाच्या गावातली. आमच्याकडे भांडणं खूप होत, पण ती जागेपणी होत. एवढी म्हातारी बाई दारात उभी आणि सासू आतून कान देऊन ऐकत होती. मी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा नाही ढकलणार."

सायत्राबाई हसली तेव्हा गुडाखूची तंबाखू घासून काळे झालेले तिचे सगळे दात दिसले. "बोलते वं ही!" ती माझ्या सासूला ओरडून म्हणाली. "शेवंता म्हने मुकी आनली म्हनून." मग पदराआडून एक वाटी काढली. त्यात मरळ माशाचा रस्सा होता. "हे घे. ढकललं खरं, पन मंग माहं गुंड तूच उचलून देल्लं. त्याचं हे."

अशी ती होती. आमच्या घराला लागून तिचं एका खोलीचं घर. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी लांब दिलेली. तळ्याचे मासे डोक्यावर घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात विकून तिनं जन्म काढला होता. बुटकी, काळी, चालताना एका बाजूला झुकायची. रोज सकाळी बोरिंगवर ती सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी जायची, कारण तिला रात्रीची सपनं सांगायची असत. नुसती सांगायची नाही. सपनात ज्यानं जे केलं, त्याचा जाब ती त्याला विचारायची. कोणी तिला शिवी दिली असेल तर त्यानं माफी मागायची. कोणी जेवू घातलं असेल तर ती त्याच्या घरी काहीतरी पोचवायची. "दिसलं थे दिसलं. आता निस्तरा," असं म्हणायची आणि दांडा हाणत पाणी भरायची.

माणसं आधी चिडायची, मग हसायची, मग निस्तरायची. शेवंता म्हणजे समोरच्या घरची. तिचा नवरा तीन वर्षं तिला जोडवी आणतो म्हणत होता. एका सकाळी सायत्राबाईनं त्याला रस्त्यात गाठलं. "वा गा बाप्पा! काय सुंदर जोडवी घातली तू शेवंताच्या पायात! मी म्हनलं, मानूस असावा तं असा. आता तिले म्हन ना दाखव, मले पुन्हा पाहू दे." तो म्हणाला, "कुठली जोडवी, बुढे?" ती म्हणाली, "सपनातली. साऱ्या बोरिंगले सांगून आली मी." बाजाराच्या दिवशी शेवंताच्या पायात जोडवी आली. शेवंताला मी विचारलं, तुला हे खरं वाटतं का? ती म्हणाली, "जोडवी तं खरी आहे ना."

शाळेच्या गुरुजींना हे आवडत नसे. ते एकदा तिला समजवायला बसले. मी तिथेच शेंगा फोडत होते. गुरुजी म्हणाले, "बाई, स्वप्न ज्याचं त्याच्या डोक्यात असतं. दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. ते खरं नसतं."

"गुरुजी, काल तुमचं डोकं दुखे म्हनून शाळा लवकर सोडली का नाई?"

"सोडली."

"थे दुखनं मले दिसलं का? हिले दिसलं का?" तिनं माझ्याकडे बोट केलं. मी मान खाली घातली. "तुमच्याच डोक्यात होतं ना? मंग खरं होतं का खोटं?"

गुरुजी म्हणाले, ते वेगळं.

"वेगळं कसं? तुमी म्हनलं दुखते, आमी मानलं. पोट्टे घरी आले. आता मी म्हनून राह्यली का तुमी मले सपनात खुर्ची देल्ली, तं तुमी बी माना."

गुरुजी उठले आणि शाळेतून खुर्ची आणवून तिला बसायला दिली. ती अर्धा तास बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते, मग म्हणाली, "सपनातली जास्त बरी होती," आणि निघून गेली.

मला तिच्याजवळ बरं वाटायचं, कारण तिच्याजवळ बोलावं लागत नसे. मी लाजाळू. चार माणसांत माझा घसा बंद होतो. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. सासू वारल्यावर मी एकटीच असायची. इतर बाया म्हणायच्या, हिच्या पोटात काय चालतं काही कळत नाही. सायत्राबाई म्हणायची, "तुह्या पोटातलं मी सांगते," आणि मी तिच्या सपनात काय काय केलं ते साऱ्या गावाला सांगायची. तिच्या सपनात मी फार बोलायची म्हणे. एकदा तर मी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना, वामनभाऊंना, सगळ्यांसमोर झापलं होतं. वामनभाऊ मला रस्त्यात भेटले तर हात जोडून म्हणाले, "चुकलं बाई आमचं." मला जमिनीत जावंसं झालं. पण घरी येऊन मी खूप हसले.

आणि मग तळ्यातले मासे मेले.

वैशाख होता. तळं आटून मधोमध गुडघाभर पाणी उरलं होतं. त्यात सोसायटीचे मासे दाटीवाटीनं होते. दोन दिवस आभाळ भरून आलं, उकडलं, वारा थांबला, आणि तिसऱ्या सकाळी पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. मासेमारीवर जगणारी घरं पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसून नुसती बघत होती. पुढे एक साहेब आले आणि म्हणाले, पाणी कमी, ऊन जास्त, माशांना श्वास पुरला नाही. पण साहेब येण्याआधी ऋषीभाऊ बोलून गेला होता.

ऋषीभाऊ तळ्याचा राखणदार. पाळीवरच्या मचाणावर झोपायचा. राखण त्याची आणि मासे मेले, म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, त्याच पहाटे त्याला सपन पडलं. त्यात मी होते. केस मोकळे सोडून मी पाण्यात उभी होते आणि मुठीतून काहीतरी टाकत होते.

दुसऱ्या कुठल्या गावात हे कोणी हसण्यावारी नेलं असतं. आमच्या गावात सपनाला मान होता. सपनात ढकललं म्हणून माफी मागणारं हे गाव. मग सपनात करणी केली तर?

दुसऱ्या दिवशी मी बोरिंगवर गेले तर बायांनी आपापली गुंडं उचलून बाजूला घेतली. तिसऱ्या दिवशी शेवंतानं तिच्या मुलीला माझ्या अंगणातून हात धरून नेलं. पोलीस पाटील येऊन सांगून गेले की असं कोणाला म्हणणं गुन्हा आहे, कायदा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. पण पलीकडच्या गावात एका बाईला असंच म्हटलं होतं. तिला मारलं. ती गाव सोडून गेली, तिचं घर अजून तसंच उघडं आहे. आम्ही बाजाराला त्याच रस्त्यानं जायचो. दाराची एक फळी अजून वाऱ्यानं आपटते.

मला झोप येईना. एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. सकाळ झाली की मी माझे तळपाय बघायची. तळ्याचा गाळ लागला आहे का ते बघायची. मी गेले नव्हते हे मला माहीत होतं. पण इतकी माणसं एका नजरेनं बघायला लागली की आपलं माहीत असणं पातळ होतं. वाटायचं, ऋषीभाऊनं पाहिलं आहे, मी तर काही पाहिलं नाही.

ते तीन दिवस सायत्राबाई बोरिंगवर आली, पाणी भरलं आणि गप्प परत गेली. कधी नाही ते. तिसऱ्या दुपारी माझ्या घरात येऊन भिंतीला टेकून बसली.

"हे माह्या तोंडानं झालं," ती म्हणाली. "मी वाट पाडली अन् त्याच वाटेनं हा आला."

मी म्हटलं, "मग सांगा ना सगळ्यांना, सपन खोटं असतं म्हणून."

"आता सांगू? म्हनतील, हिच्यासाठी पलटली बुढी. मानतील का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "जेवली का?"

चुलीत सकाळपासून नुसती राख होती. तिनंच चूल पेटवली. भात घातला, मला खाऊ घातला आणि उठली. तेव्हा तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीच्या पानांचे, दिवस होते. दुपारी बाया आपापल्या अंगणात सावलीला बसून पानांचे पुडे बांधायच्या. सायत्राबाई त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, सगळ्यांचे पुडे बांधत फिरली. माझ्या अंगणात मात्र आली नाही. मला वाटलं, आता हीसुद्धा गेली.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋषीभाऊच्या सपनाचा निवाडा करायला समाजमंदिरासमोर बैठक होती. मला एका बाजूला बसवलं होतं. नवऱ्याला निरोप गेला होता, तो अजून पोचला नव्हता. ऋषीभाऊनं सपन सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता, हे मला आजही आठवतं.

सायत्राबाई उठली. "ऋषी, सपनात पानी कुठपर्यंत होतं गा?"

"तिच्या गळ्यापर्यंत."

"तळ्यात तं गुडघाभर बी नाई. मंग हे कोनतं तळं होय बाप्पा?"

बाया हसल्या. ऋषीभाऊ चिडला. "सपनात तसंच दिसते. तू बी तं सांगतं रोज. तुहं सारं गाव मानते, माहं काऊन नाई?"

वामनभाऊ म्हणाले, "त्याचं बरोबर आहे सायत्राबाई. रीत तुहीच आहे."

"हाव, माहीच. म्हनून तं आली. मले बी काल सपन पडलं, थे बी ऐका." तिनं पदर खोचला. "ऋषीभाऊ इथीच उभा होता. साऱ्या गावाले हात जोडून म्हने, राखन माही होती, मी झोपलो, म्हनून मी गावाले दोन बकरे देतो. दिसलं थे दिसलं. आता निस्तर."

ऋषीभाऊ ओरडला, "तुह्या एकटीच्या सपनानं का होते?"

शेवंता उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले बी पडलं. एक बकरा काळा होता, एकाचा कान पांढरा."

"पांढरा डावा कान," मागून कोणी म्हणालं. "मी जवळून पाह्यला."

"मी तं जेवली बी," तिसरी म्हणाली. "मीठ कमी होतं."

"मीठ बरोबर होतं. तिखट जास्त झालं होतं," चौथी म्हणाली आणि दोघींची तिथेच जुंपली. माणसं आधी गोंधळली, मग हसू लागली. वामनभाऊंनी टोपी तोंडावर धरली. बायांमागून बाया उठत होत्या. कोणाला कलेजी मिळाली नव्हती, कोणाच्या पानात नुसती हाडं आली होती. शेवटी ऋषीभाऊची स्वतःची बायको उठली. "मी बी पाह्यलं," ती म्हणाली. "अन् पाव्हणे साऱ्या गावाचे, तं मसाला मलेच एकटीले वाटाले लावला यानं. अजून हात दुखून राह्यला."

हसता हसता माणसं लोळायला आली होती. तेवढ्यात सायत्राबाई माझ्याकडे वळली. "अन् तू वं? तुले का दिसलं?"

तिनं मला काहीच शिकवलं नव्हतं. बाकी साऱ्यांना शिकवून मला तेवढी सोडली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, हसायला तयार होते. मी उठले. काळा बकरा म्हणावं, पांढरा कान म्हणावं, असं मनात आलं. पण तोंडून निघालं ते असं, "मी चार दिवस झोपलीच नाई. मले सपन कुठून पडन?"

हसणं थांबलं. शेवंतानं तोंडाला पदर लावला. मी खाली बसले.

वामनभाऊ म्हणाले, "ऋषी, आता तूच सांग. सपन खरं मानायचं असन तं एकाचं सपन एकीकडं अन् साऱ्या बायांचं एकीकडं. उद्या दोन बकरे आन. अन् नसन मानायचं, तं कोनाचंच नको मानू."

ऋषीभाऊ माझ्याकडे बघत होता. "सपन म्हंजे सपनच असते भाऊ," तो म्हणाला.

"जोरात बोल गा," सायत्राबाई म्हणाली. "मांगं ऐकू नाई गेलं."

तो जोरात बोलला.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर शेवंतानं माझं गुंड माझ्याआधी भरलं. नवरा आला, त्यानं काय झालं ते विचारलं, मी सांगायला लागले आणि मधेच हसायला लागले, मग रडले. ते निवळलं. पण सायत्राबाईचं एक कायमचं गेलं. आठ दिवसांनी तिनं सवयीनं कोणाला तरी म्हटलं, "काऊन वं, काल सपनात मले भाकर नाई देल्ली?" तर ती पोरगी हसून म्हणाली, "सपन म्हंजे सपनच असते बाई." सगळ्या हसल्या. सायत्राबाईही हसली. पुन्हा तिनं कधी कोणाला जाब विचारला नाही. सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत आधी जाऊ लागली.

पुढच्या वर्षी ती अंथरुणाला लागली. मी रोज सकाळी तिला आंबील नेऊन द्यायची. एके सकाळी आंबील पिऊन झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "एक इचारू? खरं सांगजो. सपन कसं असते वं?"

मला वाटलं, ती चेष्टा करते आहे.

"नाई, खरंच. तुले पडते का?"

"पडते ना. साऱ्याइले पडते."

"म्हंजे डोळे मिटून बी दिसते? मानसं दिसते? बोलते?"

"हाव."

"रंग बी?"

"रंग बी दिसते."

"अन् थे खोटं होय हे तुले माहीत नसते?"

"नसते. उठल्यावर समजते."

ती वर छपराकडे बघू लागली. "मले तं कधी नाई दिसलं," ती म्हणाली. "डोळे मिटले का काळं, उघडले का सकाळ. लहानपनी माय सांगे, मले असं दिसलं, तसं दिसलं. मले वाटे हा मोठ्या मानसाइचा खेळ होय, जोडून सांगाचा. म्हनून मी बी जोडू लागली. मले वाटलं सारे जोडूनच सांगते." मग एकदम मान वळवून म्हणाली, "म्हंजे ऋषीनं तुले खरंच पाह्यलं असन?"

"पाह्यलं असन."

"अन् तू गेली नव्हती."

"नाई."

"मी तं त्याले लबाड समजून भांडली." तिनं तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं तिला वाईट वाटलं. पण तिचं पोट हलत होतं. ती हसत होती. "बरं झालं वं मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तं मी त्या सांजेले का बोलली असती? त्याच्या डोळ्याले बी खोटं कसं म्हनू अन् तुह्या पायाले बी कसं म्हनू, असं करत घरीच बसून राह्यली असती."

त्या दिवसापासून तिनं मला सुट्टी दिली नाही. आंबील पुढे ठेवायच्या आत विचारायची, "काल का दिसलं?" मी सांगायची. मी, जिचा चौघांत घसा बंद होतो, ती रोज अर्धा अर्धा तास बोलू लागले. ती मधे मधे अडवायची. मेलेली सासू जिवंत कशी? घर आपलं आणि दार माहेरचं, हे तुला खटकलं नाही? उडताना पोटात काय होतं? कधी कधी मला काहीच पडलेलं नसे. मग मी जोडून सांगायची. ती दोन वाक्यं ऐकायची आणि हात वर करायची. "हे जोडलेलं होय. मले नको शिकवू. जनमभर जोडलं मी." एकदाही तिची ओळख चुकली नाही.

शेवटी शेवटी मी एक मोठं जोडलं. तळं काठोकाठ भरलं आहे, सायत्राबाई पाण्यावरून चालत बाजाराला निघाली आहे, टोपलीतले मासे डोकं बाहेर काढून तिला वाट सांगत आहेत आणि ती त्यांच्याशी भांडते आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. हात वर केला नाही. संपल्यावर म्हणाली, "जोडलेलं होय."

"हाव," मी म्हटलं.

"पन चांगलं जोडलं वं. बाजारात का झालं थे उद्या सांग."

दिवसभर कामं करता करता मी बाजार जोडला. सकाळी आंबील घेऊन गेले तर तिच्या अंगणात बाया बसल्या होत्या आणि ऋषीभाऊ बाहेर बांबू तासत होता. मी आत गेले. तिला भिंतीशी नीट ठेवलं होतं. मी आंबिलीचं भांडं खाली ठेवलं, तिच्या कानाशी वाकले आणि बाजारात काय झालं ते सगळं सांगितलं. माशांनी तिला भाव पाडू दिला नाही, इथपासून ते ती परत येताना पाण्यावर पाय मुडपून बसली आणि तळ्याला म्हणाली, आता तूच मला घरी ने, इथपर्यंत. एका ठिकाणी मलाच हसू आलं. ते मी पदरात दाबलं. मागे बायांना वाटलं, मी रडते आहे.